वाळलास रे!

मे महिन्यातली दुपार, कऱ्हाडजवळचं ताईचं सासर आणि विहिरीवर आम्ही पंधरा-वीस पुरुष. संध्याकाळी हळद. बायकांनी आम्हाला घरातून जवळजवळ हाकललंच होतं, कारण पुरुष घरात असले की दर अर्ध्या तासानं चहा मागतात. विहिरीवर पोचल्या पोचल्या सगळ्यांचे कपडे बाभळीवर गेले. काय एकेक देह! दाजींचं पोट चड्डीच्या नाडीला न जुमानता पुढं आलेलं. बँकेतून रिटायर झालेल्या थोरल्या काकांच्या छातीवर पांढरं गवत आणि त्याच्या मधोमध बायपासची शिवण. नवरदेवाचा मावसभाऊ असा की एक्स-रे काढायची गरजच नाही. कुणाला कशाचं काही नव्हतं. धबाधब उड्या पडत होत्या, एक पोरगं पाठीला पत्र्याचा डबा बांधून काठावर रडत होतं. आणि या सगळ्या मेळ्यात ज्याचं शरीर खरोखर बघण्यासारखं, तो माझा भाचा थारोळ्याच्या दगडावर पूर्ण बाह्यांची काळी हुडी घालून बसला होता. वर टोपीही ओढलेली.

"ये की रे," मी पाण्यातून ओरडलो.

"नको मामा. फ्लॅट आहे मी सध्या."

"कुठं घेतलास?" थोरल्या काकांनी पोहता पोहताच विचारलं आणि आख्खी विहीर हसली. भाचाही हसला. त्याच्या जिमच्या भाषेत फ्लॅट म्हणजे काय ते मला एव्हाना ठाऊक होतं. भात-पोळी तोडली की स्नायूंत साठलेली साखर संपते, तिच्याबरोबरचं पाणी जातं आणि दंड हवा कमी झालेल्या ट्यूबसारखा दिसायला लागतो. म्हणजे त्याला तसा दिसायला लागतो. मला विचाराल तर त्या हुडीची शिवण दंडावर उसवायच्या बेतात होती. घाम हनुवटीवरून टपटप पडत होता. तासभर तो फोनमध्ये डोकं घालून तसाच बसला आणि आम्ही निघालो तेव्हा बाभळीवरचे सगळ्यांचे टॉवेल गोळा करून त्यानंच आणले. पोहायला त्याला मी शिकवलं होतं. याच विहिरीत, तो सात वर्षांचा असताना.

सव्वासतरा इंच. त्याच्या दंडाचा हा आकडा मला पाठ आहे, कारण ऐरोलीत नोकरी लागली तेव्हा तो आठ महिने आमच्या ठाण्याच्या घरी राहिला होता. त्या आठ महिन्यांत घराचं स्वयंपाकघर म्हणजे प्रयोगशाळा झाली. ओट्यावर वजनकाटा आला. चिकन शिजवण्याआधी मोजायचं की नंतर, यावर माझी बायको आणि तो अगदी तात्त्विक वाद घालत. सहा अंड्यांतले पाच पिवळे बलक रोज मागे उरत आणि त्यांचं काय करायचं, हा प्रश्न आमच्या घरात पाणीकपातीइतका गंभीर झाला. शेकर धुवायचा राहिला की दुसऱ्या दिवशी त्याचं झाकण उघडल्यावर जो वास येतो, त्याला मराठीत शब्द नाही. नासलेलं दूध त्यामानानं अत्तर. हे सगळं आम्ही हसण्यावारी नेलं. पोराला नाद आहे, दारूचा नाही, जुगाराचा नाही, चांगला आहे.

जे हसण्यावारी गेलं नाही ते बाथरूमबाहेरच्या पॅसेजमध्ये. तिथं ट्यूबलाइट जरा तिरकी लागलेली आहे, तिच्या उजेडात शरीराचे उंचवटे उठून दिसतात म्हणे. रोज सकाळी उपाशीपोटी तो तिथं उभा राहून फोटो काढायचा. समोरून, बाजूनं, पाठमोरा. एका रविवारी त्यानं मला दोन फोटो शेजारी शेजारी दाखवले. "हा मार्चचा, हा आजचा. खालच्या छातीत फरक दिसतो ना?" मी चष्मा लावून बघितलं. चष्मा काढून बघितलं. मला टॉवेलचा रंग सोडला तर काहीएक फरक दिसेना. आता काय म्हणायचं? 'हो' म्हणावं तर त्याला ऐकू येणार, की मार्चमध्ये तू वाईट होतास. 'नाही' म्हणावं तर दोन महिने पाण्यात. मी म्हणालो, "सुधारणा आहे." सरकारी अहवालात लिहितात तसं. त्यानं मान हलवली आणि तो फोटोवर बोटं फाकवून काखेजवळचा एक कोपरा मोठा करत राहिला.

मी हे सगळं दुरून बघतोय असा आव आणतो आहे खरा, पण मी काही दुरून बघणारा माणूस नव्हे. लालबागच्या चाळीत मला सगळे 'पाप्याचं पितर' म्हणत. गल्लीतल्या गोविंदात मी कायम सगळ्यात वरच्या थरावर, आणि ते कौतुक म्हणून नव्हे, वजन नाही म्हणून. सोळाव्या वर्षी मी घराजवळच्या व्यायामशाळेत नाव घातलं. पत्र्याची शेड, आत रेड ऑक्साइडची जमीन, गंजलेल्या प्लेट, घामाचा आणि तेलाचा आंबूस वास, कोपऱ्यात शेंदूर फासलेला मारुती. भिंतीला एकच आरसा होता. तो कुणा पुढाऱ्यानं दिलेला आणि त्यावर लाल रंगात ठळक अक्षरांत 'सौजन्य' आणि पुढे साहेबांचं नाव, नेमकं छातीच्या उंचीवर. त्यामुळे छाती बघायची तर दात्याच्या नावाआडून बघावी लागे. आम्ही चवड्यांवर उभे राहायचो, गुडघ्यात वाकायचो, त्या अक्षरांच्या वरून-खालून स्वतःला शोधायचो. आमचे उस्ताद दर महिन्याच्या पहिल्या तारखेला शिंप्याची टेप घेऊन मापं घेत आणि वहीत लिहीत. माझा दंड साडेदहा इंच होता. पुढच्या महिन्यात साडेदहा. त्याच्या पुढच्या महिन्यात टेप लावताना मी श्वास रोखून, मूठ आवळून, जीव एकवटून बेंडकुळी काढली आणि उस्ताद म्हणाले, "तोंड नको फुगवू, दंड फुगव." दोन वर्षांत मी साडेअकरावर पोचलो आणि मग बारावी आली. पण अजूनही बसमध्ये, मीटिंगमध्ये, डॉक्टरकडे नंबर येईपर्यंत माझा उजवा हात आपोआप डाव्या दंडाकडे जातो आणि अंगठा व मधलं बोट एकमेकांना टेकतात का ते बघतो. पन्नाशी उलटली. बायकोला वाटतं, मला तिथं खाज येते.

आमच्या पिढीनं हे सुरू केलं असंही नाही. वडील गेल्यावर त्यांची ट्रंक उघडली तेव्हा मिलचा पास, सोसायटीच्या पावत्या आणि एका पाकिटात स्टुडिओतला एक फोटो निघाला. पासष्ट-सहासष्टच्या सुमाराचा असावा. मागे रंगवलेला पडदा, त्यावर कारंजं आणि जिना. पुढे विशीतले वडील, अंगात बनियन, हाताची घडी घातलेली. मी तो फोटो बराच वेळ बघितला तेव्हा लक्षात आलं. घडीच्या आतून त्यांनी मुठी दंडाखाली दाबून धरल्या होत्या. त्यानं दंड बाहेर ढकलला जातो आणि आहे त्याच्या दीडपट दिसतो. ही युक्ती मला वाटे आम्हीच शोधली! उभ्या हयातीत दाढीपुरतासुद्धा आरसा धड न बघणारा माणूस, वीव्हिंग खात्यातला, ज्याच्या ताकदीच्या गोष्टी चाळीत सांगत, त्यानंही गावी फोटो पाठवताना खालून मूठ लावली होती. मला त्यांचा एवढा लळा जिवंतपणी आला नव्हता.

भाच्याच्या हुडीच्या आत सँडो बनियन होता, बिनबाह्यांचा, आपण सगळे घालतो तोच. त्या नावामागे एक माणूस आहे. युजेन सँडो, १८६७ साली प्रशियात जन्मलेला. आधी सर्कशीत, नाटकगृहात वजनं उचलायचा. मग ध्यानात आलं, की लोक वजनापेक्षा त्याच्याकडेच जास्त बघतात. तेव्हा तो नुसता उभा राहू लागला, ग्रीक पुतळ्यांसारखा. १९०१ साली त्यानं लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये शरीरसौष्ठवाची मोठी स्पर्धा भरवली, तिच्या परीक्षकांत खुद्द कॉनन डॉयल बसला होता. शेरलॉक होम्सचा बाप पोरांच्या पिंढऱ्या न्याहाळतोय हे चित्रच मजेशीर आहे. पुढे चार वर्षांच्या आत सँडो हिंदुस्थानात येऊन गेला. ज्यानं जन्मभर कपडे उतरवण्यावर पोट भरलं त्याचं नाव आपल्याकडे टिकलं ते एका कपड्याला.

आणि आमची बाकीची दुपार ज्या तालुक्यात चालली होती, तो तालुका खाशाबा जाधवांचा. गोळेश्वर तिथून काही लांब नाही. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये खाशाबांनी कांस्यपदक मिळवलं ते ५७ किलो वजनी गटात. सत्तावन्न! भाचा तेव्हा चौऱ्याऐंशी किलो होता आणि स्वतःला सुकडा समजून दगडावर बसला होता. अर्थात ही तुलना अन्यायाची आहे, मला कळतं. कुस्तीत पुढ्यात दुसरा माणूस असतो. तो पडला की तुम्ही मोठे, मग तुमचं पोट सुटलेलं असो की कान मोडलेले. इकडे पुढ्यात आरसा, आणि आरसा काही पडत नाही.

स्पर्धेला मी त्याच्याबरोबर एकदा गेलो होतो. जिल्ह्याची, रस्त्यावर मांडव घालून भरवलेली. स्टेजमागं ताडपत्रीच्या आडोशाला पन्नासेक पोरं सतरंज्यांवर पाय वर करून पडली होती. अंगाला चॉकलेटी टॅन फासलेला, त्याचा एक गोडसर रासायनिक वास, जमिनीवर सगळीकडे तपकिरी पावलं. आदल्या दिवसापासून पाणी जवळजवळ बंद. भाचा बाटलीच्या झाकणात पाणी ओतून तेवढंच तोंडात धरायचा आणि हळूहळू गिळायचा. ओठ फुटलेले. कुणी मनुका चघळत होतं, कुणी जॅमचं पाकीट पिळत होतं, नाव पुकारण्याआधी दंडात रक्त भरावं म्हणून जोर मारणं चाललं होतं. बोलत कुणी नव्हतं. वर जाऊन उभा राहिला तेव्हा मी त्याला ओळखलं नाही, इतका तो सुंदर दिसत होता. हा शब्द मी विचार करून लिहितोय. पोटरीपासून मानेपर्यंत सगळं कोरल्यासारखं, आणि ओठावर ते थरथरणारं हसू. माझ्या घशात काहीतरी आलं. त्यातला थोडा अभिमान होता, आणि थोडा, खरं सांगायचं तर, हेवा. साडेअकरा इंचाचा हेवा.

तिसरा आला. खाली उतरल्यावर एका परीक्षकानं त्याला आपुलकीनं बाजूला घेऊन सांगितलं, "समोरून छान आहेस. पाठ नाही." रिक्षात तो तेवढंच घोकत होता. पाठ नाही मामा मला, पाठ नाही. त्याची ती पाठ रिक्षाच्या सीटवर मावत नव्हती, मी अर्धा बाहेर लटकत होतो. कुस्तीत पाठ लागली की माणूस हरतो. हा पाठ नाही म्हणून हरला. त्या रात्री तो दोन लिटर पाणी प्यायला, चार प्लेट इडली आणि अर्धा किलो श्रीखंड खाल्लं आणि सकाळी उठला तो चेहरा सुजूनच. आरशासमोर उभा राहून म्हणाला, "संपलं. गेलं सगळं." बारा तास टिकलं होतं. त्याच्या अंगावरच्या टॅननं आमच्या चादरीवर खांद्यांचा आणि पाठीचा तपकिरी ठसा उमटला, तो चार धुण्यांत गेला नाही. पाठ आहे, चादरीवर आहे, असं मी म्हणणार होतो. म्हटलं नाही.

फ्रिजच्या दारात आईच्या इन्सुलिनशेजारी एक लहानशी कुपी दिसली ती त्याच सुमाराला. बायकोला वाटलं आईचीच. मी त्याला विचारलं. "ग्रोथ आहे मामा. सगळे घेतात." ग्रोथ म्हणजे ग्रोथ हार्मोनचं इंजेक्शन. बाकीचं मी वाचलं होतं. बाहेरून टेस्टोस्टेरॉन टोचत राहिलं की अंगातला स्वतःचा कारखाना बंद पडतो, अंडकोश आकसतात, छातीला गाठ येते, हृदयाची भिंत जाड होते. मी विचारणार होतो, ग्रोथबरोबर आणखी काय. त्यानं फ्रिजचं दार लावलं आणि मी पेपर उघडला. या लेखात मी स्वतःबद्दल बरंच काही कबूल केलं आहे, त्यातलं लिहायला जड गेलेलं हे एकच.

विहिरीवरून आल्यावर त्या रात्री झोप येईना. डीजे दोनपर्यंत वाजत होता हे एक कारण. माळवदावर पडल्या पडल्या फोनवर शोधत बसलो. अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ हॅरिसन पोप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली १०८ शरीरसौष्ठवपटूंशी बोलून एक निबंध लिहिला होता. त्यातले नऊ जण पिळदार, धिप्पाड असूनही स्वतःला बारीक आणि दुबळे समजत होते. कृश मुलीला स्वतःचं शरीर लठ्ठ दिसतं, त्याच्या बरोबर उलट, म्हणून आधी त्याला उलटा अ‍ॅनोरेक्सिया म्हटलं. १९९७ मध्ये मसल डिसमॉर्फिया हे नाव पडलं, २०१३ मध्ये मानसोपचाराच्या अधिकृत पोथीत जागा मिळाली. हे सगळं मी वाचून सोडून दिलं असतं. पण त्या लोकांच्या वर्णनात एक गोष्ट होती: हे समुद्रावर जायचं टाळत, आणि ऐन उन्हाळ्यात जाड कपडे घालत. मी उठून बसलो. बोस्टनच्या डॉक्टरांनी तीस वर्षांपूर्वी आमच्या विहिरीवरचा पोरगा बघून ठेवला होता.

याच पोपसाहेबांचा २००० सालचा आणखी एक अभ्यास आहे. ऑस्ट्रिया, फ्रान्स आणि अमेरिकेतल्या तरुणांना पडद्यावरचं चित्र कमी-जास्त करून तुम्हाला कसं शरीर हवं ते दाखवा म्हटलं, तर त्यांनी स्वतःपेक्षा सुमारे तेरा किलो जास्त स्नायू असलेलं शरीर निवडलं. बायकांना कसं आवडत असेल, यावर त्याहूनही थोडं जास्त. प्रत्यक्ष बायकांना विचारलं तर त्यांना साधासुधा पुरुषच बरा वाटला. सकाळी हे बायकोला सांगितलं. ती केसांत गजरा माळत होती. म्हणाली, "मला विचारलं असतं तर फुकट सांगितलं असतं."

पण भाच्याला बायकांसाठी काही करायचं होतं असं मला कधी वाटलं नाही. त्या रात्री गच्चीवर मला राहून राहून सकाळ आठवत होती. आम्ही गाडीतून उतरलो, त्याची आत्या धावत दारात आली, तिनं त्याचे गाल दोन्ही तळव्यांत धरले आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "वाळलास रे! मुंबईचं पाणी मानवत नाही माझ्या बाळाला." आपल्याकडे प्रेम असंच बोलतं. माणूस बऱ्याच दिवसांनी भेटला की आधी त्याच्या अंगावर बोलायचं, मग बाकीचं. उतरलास, सुटलास, काळवंडलास, भरलास. घरातलं कुणी आपल्याला 'आनंदी दिसतोस' म्हणाल्याचं मला आठवत नाही; तब्येतीवरून काय ते ओळखायचं. तीन आठवडे चरबी उतरवत असलेल्या माणसाचे गाल सगळ्यात आधी बसतात, आत्यानं तेवढेच बघितले. तो हसला, तिच्या पाया पडला, आत गेला. बाहेर आला तो हुडी घालून. मी दोन्ही हातांत बॅगा घेऊन तिथंच उभा होतो आणि मला ते दिसलं नव्हतं.

आणखी एक गोष्ट डोक्यात होती. तो दहा-अकरा वर्षांचा असताना याच विहिरीवर, उघडा कुडकुडत उभा असताना, मी त्याला 'काडी पैलवान' म्हटलं होतं. सगळे हसले होते. मी, ज्याला चाळीनं पाप्याचं पितर म्हटलं होतं, त्यानं! पुढे ठाण्याला परत आल्यावर एकदा भीत भीत मी त्याला ते बोलून दाखवलं. त्याला आठवेना. मग म्हणाला, "ते तू नाही मामा, पप्पा म्हणायचे. आणि सगळेच म्हणायचे." मला हलकं वाटायला हवं होतं.

तर, हळदीची संध्याकाळ. डीजे सुरू झाला तेव्हा माझ्या लक्षात आलं की घड्याळ विहिरीवर राहिलं. अंधार पडायला आला होता, उसाच्या पानांची खसखस तेवढी ऐकू येत होती. विहिरीजवळ गेलो तर आत पाणी हलत होतं. बाभळीवर काळी हुडी. मी काठावरून वाकून बघितलं. एक डोकं संथपणे या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जात होतं, परत येत होतं. डावा हात जरा जास्तच बाहेर फेकायची खोड मी शिकवतानाच लागली होती ती तशीच. थोडा वेळ मी काही बोललो नाही. मग पायाखालचा खडा पाण्यात पडला.

"कोण?"

"मी आहे. घड्याळ राहिलं होतं."

"मामा, टॉवेल दे ना. पायरीवर ठेव. आणि तिकडं बघ."

मी टॉवेल वरच्या पायरीवर ठेवला आणि उसाकडे तोंड करून उभा राहिलो. मागं पाणी मोठ्यानं डचमळलं, दगडावर ओली पावलं चढली. गावाकडून डीजेवर कुणीतरी नवरदेवाच्या मामाचं नाव पुकारत होतं.

"बघत नाहीयेस ना?"

"नाही रे."

"पाणी कसलं गार आहे," तो म्हणाला. मी अंगठा आणि मधलं बोट दंडावरून काढून हात खिशात घातला.